माती, चुना आणि अण्णा

मातीची घरं हल्ली आयटीवाल्यांची लाडकी झालीत. शनिवारी कार्यशाळेला जायचं, पायाने चिखल तुडवायचा, फोटो टाकायचे आणि सोमवारी परत दहाव्या मजल्यावर! मीही त्यातलाच. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी मातीचं घर बांधायचं माझ्या डोक्यात आहे आणि त्याला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कडक विरोध.

त्यांचं कारण एका शब्दाचं. किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. पहाटे ४च्या सुमारास भूकंप झाला आणि जवळजवळ ८ हजार माणसं गेली, बहुतेक आपापल्या घराखालीच. अण्णा तेव्हा ढिगारे उपसायला गेले होते. "मी मातीखालची माणसं काढलीत. तू फोटो बघतोस," असं ते म्हणाले की वाद घालायचा तरी कसा?

तरी घालतो. कारण बग मातीत नव्हता, डिझाईनमध्ये होता. आपल्याकडचं माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट माती. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी एक थर. उन्हाळ्यात गारेगार, पण डोक्यावर किती टन चढले याचा हिशोब कोण ठेवतो? भिंती चांगल्या दोन-तीन फूट जाड, पण आतून बघा. दोन्ही अंगांना दगड, मधे माती आणि चिपा. दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड नाहीच. जमीन हलल्यावर भिंती फुगून फाटल्या आणि माळवद खाली आलं.

याउलट कच्छ. २००१च्या भूकंपात तिथले नीट बांधलेले भुंगे बऱ्यापैकी टिकले. तीही मातीचीच घरं, पण गोल, आणि वर गवताचं हलकं छप्पर.

चुन्यावर तर मी तासभर बोलू शकतो. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू घालून घाणीत मळायची. भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू परत चुनखडी होतो! दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवाल्यांना ही गती झेपणार नाही. असो.

मातीच्या घरांसाठी भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस १३८२७, तेही १९९३चंच. दिवाळीत अण्णांना समजावून सांगितलं: छप्पर हलकं, दारं-खिडक्या लहान, भिंतीत सगळीकडून फिरणारे आडवे पट्टे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे गवंडी खरंच घालतोय का नाही ते कोण बघणार? तू तर पुण्याला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तेच म्हणाले, आधी शेतात अवजारांची खोली बांधू, मी उभा राहतो. वर पत्रा. माळवदाचं नाव काढायचं नाही.

दगडी जोत्याचं काम सुरू झालंय. रोज रात्री फोन येतो. काल म्हणाले, गवंड्याने आरपार दगड टाकलाच नव्हता, तीन हात काम उचकटून परत करायला लावलं.