जोडीनं राहण्याआधी

प्रिय मुक्ता,

वर्षभर एकत्र राहू, मग लग्नाचं बघू, असं तू घरी सांगितलंस आणि ताईनं अबोला धरला. ‘असलं कुठे असतं का?’ म्हणाली. असतं. पेरूच्या अँडीज पर्वतात, केचुआ गावांमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या असतं. सिर्विनाकुय म्हणतात त्याला. दोघं बहुधा मुलाच्या आईवडिलांकडे राहतात, शेतात राबतात. जमलं तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी लग्न लागतं. स्पॅनिश धर्मगुरूंनी ही प्रथा मोडायला जंग जंग पछाडलं, तरी ती टिकली.

यात थिल्लरपणा नाही. उलट, तिथे एकट्या माणसाला पुरतं मोठं झालेलं धरत नाहीत. जुन्या वळणाच्या कित्येक गावांत अविवाहिताला कारभारीपण मिळत नाही. मान जोडीचा, आणि सणाला गावाला जेवू घालायची, मक्याची चिचा पाजायची जबाबदारीही जोडीचीच. आपल्याकडेही पूजेला जोडीनं बसतात म्हणा. पण बायको नसली की आपण सुपारी ठेवून भागवतो!

वामान पोमा दे आयाला या अँडियन लेखकानं १६१५च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी हजारावर पानांचा सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात बटाटे लावण्याचं चित्र आहे. पुरुष चाकिताक्ल्या, म्हणजे पायानं दाबायचा नांगर, जमिनीत घालतोय आणि बाई बियाणं टाकतेय. तो थांबला तर तिचं काम अडतं, ती थांबली तर त्यानं उकरलेली जमीन रिकामी राहते.

टिटिकाका सरोवराच्या काठची सिकू ही बासरी तर याहून पुढची. तिचे दोन संच असतात, इरा आणि आर्का. सुरांच्या ओळीतले एकाआड एक सूर एकाकडे, उरलेले दुसऱ्याकडे. एकट्यानं कितीही फुंकलं तरी चाल पुरी होत नाही. आणि दोघांनी एकच सूर धरला तरीही नाही. जोडीतल्या वेगळेपणाला केचुआ माणूस खोट मानत नाही. त्याच्यावाचून जोडी कसली, असं त्याचं म्हणणं. या जोडपणाला ते यानांतिन म्हणतात.

पण भाळून जाऊ नकोस. ‘आम्ही एकमेकांना पूरक’ हे वाक्य मोठं सोयीचं असतं. गावच्या सभेत घराच्या वतीनं बहुधा नवराच बोलतो, दारू पिऊन मारहाण तिथेही होते. शेजारच्या बोलिव्हियातल्या आयमारा समाजात याच कल्पनेला चाचा-वार्मी म्हणतात. त्याच समाजातल्या हुलिएता पारेदेस यांनी तिच्यावर सडकून टीका केली आहे. जोडीचं गुणगान चालू असताना बाई खालच्या पायरीवरच राहते, हा त्यांचा आक्षेप.

म्हणून माझं सांगणं एवढंच. कामं सारखी वाटली का, हे मोजत बसू नका. तुझं काम थांबलं तर त्याचं अडतं, हे त्याला कळतं का ते बघ. आणि त्याचं थांबलं तर तुझं अडतं, हे तूही मान. पैशाचा, घराचा, नोकरी बदलण्याचा निर्णय एकट्यानं होत असेल, तर तिथेच हटकायचं.

भाडेकरार दोघांच्या नावानं करा. डिपॉझिटला कमी पडलं तर मला सांग. ताईशी मी बोलते.

तुझी,
मावशी