शिट्टी होईपर्यंत

आई कुकर लावून त्याच्यासमोर कधी उभी राहिली नाही. कणीक मळायला घ्यायची, मध्येच भाजी ढवळायची, शिट्टी झाली की वळायची. टॉर्नेडो हा पायथॉनचा वेब फ्रेमवर्क मला नीट उमगला तो या आठवणीमुळे. फ्रेंडफीडच्या मंडळींनी तो स्वतःच्या गरजेपोटी बांधला; ती कंपनी विकत घेतल्यावर फेसबुकने 2009 साली तो सर्वांना खुला केला. एक थ्रेड, एक इव्हेंट लूप, आणि त्यावर हजारो उघडी कनेक्शन्स. ती बहुतेक वेळ गप्पच असतात, म्हणून हे परवडतं.

एका गिऱ्हाईकासाठी मी वेबसॉकेटवर ताजे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड केला होता. माझ्या लॅपटॉपवर झकास चालला. कचेरीतली पन्नासेक माणसं जोडली गेल्यावर मात्र मधूनच सगळ्यांचे स्क्रीन एकदम गोठू लागले. सर्व्हर बघावा, तर सीपीयू निवांत. दोन दिवस मी नेटवर्कला शिव्या घातल्या.

चूक माझ्याच हँडलरमध्ये होती. मासिक रिपोर्टची क्वेरी मी नेहमीच्या, अडून बसणाऱ्या ड्रायव्हरने धाडली होती. ती चार सेकंद डेटाबेसच्या उत्तराची वाट बघायची आणि तिच्यापायी अख्खा लूप खोळंबायचा. दुधावर नजर रोखून उभं राहावं आणि मागे तव्यावर पोळी करपावी, तसं. फंक्शनच्या आधी ‘असिंक’ लिहिलं म्हणजे आतली ओळ न् ओळ शहाणी होत नाही, हे मी इतरांना शिकवलंही होतं!

राग येतो तो या मुकेपणाचा. एरर नाही, काही नाही. पायथॉनच्याच असिंकआयओचा डीबग मोड चालू केला, की 100 मिलिसेकंदांहून जास्त लूप अडवणारं काम लॉगमध्ये दिसतं, आणि टॉर्नेडो पाचव्या आवृत्तीपासून असिंकआयओवरच चालतो. पण तो मोड मुद्दाम चालू करावा लागतो. पासवर्डचं हॅशिंग तर वाट बघणं नव्हेच, ती निव्वळ मेहनत. तिथे लूपचा उपयोग शून्य. शिवाय टॉर्नेडोत ओआरएम नाही, ॲडमिन नाही, सगळं आपणच जमवायचं.

म्हणून आता नोंदींचे फॉर्म मी हे सगळं आयतं देणाऱ्या जँगोत हलवलेत. डॅशबोर्ड टॉर्नेडोवरच आहे, रिपोर्टची क्वेरी थ्रेडपूलमध्ये. तरी कुणी रिपोर्टचं बटण दाबलं, की माझी नजर आधी शेजारच्या स्क्रीनवर जाते.