अंगणातली रेसकार

शुक्रवारी रात्री शेवटची स्टोरी मेल केली आणि स्वारगेटला कोल्हापूरची एसटी पकडली. या वेळचा वीकेंड प्लॅन एकदम हटके होता. मामांच्या १९९८ च्या मारुती ८०० ची रेसकार करायची, तीही घरच्या अंगणात! मामेभाऊ समीर पहिल्यांदाच ऑटोक्रॉसमध्ये उतरणार होता. मामांना ते अजिबात पसंत नव्हतं. गॅरेजवाल्याने रंगाचे ३५ हजार सांगितले. समीरचं बजेट होतं ६ हजार.

तसं कोल्हापूर हे ‘घरीच करू की’ म्हणणाऱ्यांचंच गाव. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० चा. शनिवारी सकाळी मिसळ हाणून आम्ही उद्यमनगरच्या बाजूला गेलो आणि पुट्टी, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, प्रायमर, सिंथेटिक इनॅमल आणि स्पंजचे रोलर घेतले.

स्प्रे का नाही? शोरूमसारखी चकाकी देणाऱ्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा लागू शकतो, आणि साधा मास्क तिथे पुरत नाही. शिवाय रोलरला कंप्रेसर लागत नाही, शेजाऱ्यांच्या वाळवणावर रंगही उडत नाही. रंग घेतला साधा पिवळा. मेटॅलिकचा पॅच घरी जुळवणं कठीण, आणि रेसची गाडी तर घासणारच!

रंगवणं म्हणजे बरंचसं घासणंच, हा फंडा मला तेव्हा कळला. दिवे आणि बंपर काढा, साबणाने धुवा, ग्रीस पुसा, ओल्या पॉलिश पेपरने घासा. हात भरून आले. मामा ओट्यावर पेपर उघडून बसले होते, पण तासभर पान उलटलं नव्हतं. समीर मागच्या दारावरच्या पोचावर पुट्टी लावायला गेला, तसे म्हणाले, “तेवढा ऱ्हाऊ दे.”

“का?”

“तू व्हायच्या रात्री तुझ्या आईला दवाखान्यात नेताना गेटला घासली हुती.”

समीरने पुट्टी खाली ठेवली. संध्याकाळी प्रायमर मारला.

रविवारी सकाळी धूळ बसावी म्हणून मामींनी अंगणात पाण्याचा सडा टाकला. पहिला हात इतका पातळ बसला की खालून प्रायमर दिसत होता. माझा चेहरा पडला.

“पातळच पाहिजे,” मामी म्हणाल्या. “जाड थापलीस की ओघळ येतोय बघ.”

दुसरा हात संध्याकाळी मारला. पुढचे तीन समीरने रोज एक, मधे हलकंसं घासून मारले. जवळून पाहिलं तर रोलरच्या खुणा दिसतात. दहा फुटांवरून गाडी सॉलिड दिसते! सगळा हिशेब ५,८०० रुपये.

रेसच्या संध्याकाळी मी धडधडत्या छातीनेच फोन लावला. समीर शेवटून तिसरा आला होता, उजव्या दाराला लांब चरा पडला होता.

“मामा चिडलेत?”

“न्हाई गं ताई. रोलर घेऊन बसलेत. मला हात लावू देईनात.”