दाखल क्रमांकांचा लूप

सार्वजनिक वाचनालयात पुस्तक आलं की आधी त्याला दाखल क्रमांक मिळतो. नोंदवहीत तारीख, शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत अशी एक ओळ लिहायची आणि तोच आकडा पुस्तकावरच्या शिक्क्यात टाकायचा. पुढे पुस्तक बाद झालं तरी तो आकडा दुसऱ्याला देत नाहीत. त्यामुळे पुस्तकमोजणी म्हणजे नोंदवहीतला कोणता आकडा कपाटात सापडत नाही, ते शोधणं. आमच्याकडे एकानं कपाटापाशी उभं राहून आकडे वाचायचे आणि दुसऱ्यानं यादीत पेन्सिलीनं टिक करायची, अशी रीत. टिका संपल्या की खरी कसोटी लागायची. पानंच्या पानं चाळत टिक नसलेल्या ओळी वेचायच्या आणि वेगळ्या कागदावर उतरवायच्या.

कपाटातले आकडे आम्ही कॉम्प्युटरवर भरायला लागलो, तेव्हा निदान हे वेचणं तरी यंत्रानं करावं असं मनात येऊ लागलं. आमच्या सहायक ग्रंथपालांची मुलगी कॉलेजात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होती. तिनं फाइल पाहिली आणि म्हणाली, “काकू, एका लूपचं काम आहे. पण मी करून देणार नाही, तुम्ही शिका.” तिचे मी आजही आभार मानते.

शिकायला बसलो तेव्हा तिनं कॉम्प्युटर सुरूच करू दिला नाही. कागदावर तीन पुस्तकांच्या किमती लिहिल्या: १२०, ८०, २५०. वर लिहिलं, एकूण = ०. त्याखाली लूप, म्हणजे फेरीफेरीनं पुन्हा पुन्हा करायच्या सूचना: यादीतली एकेक किंमत घे, आणि एकूण = एकूण + किंमत. शाळेतलं बीजगणित ज्याच्या अंगात मुरलंय, तो या ओळीपाशी अडणारच, कारण समीकरण म्हणून ती चक्क खोटी आहे. पण इथे बरोबरीचं चिन्ह म्हणजे हुकूम असतो. आधी उजवीकडचं काय येतं ते काढायचं आणि जे येईल त्याला डावीकडचं नाव द्यायचं. जुना आकडा गेला, नवा आला. तिनं मला दोन रकाने आखायला लावले, एक ‘किंमत’, दुसरा ‘एकूण’. पहिल्या फेरीत १२० आणि १२०. दुसरीत ८० आणि २००. तिसरीत २५० आणि ४५०. प्रत्येक फेरीला जुना आकडा खोडून नवा लिहायचा, बोट ओळीवरून खाली न्यायचं, पुन्हा वर आणायचं.

मग तिनं ‘एकूण = ०’ ही ओळ उचलून लूपच्या आत ठेवली आणि म्हणाली, “आता फिरवा.” दर फेरीला एकूण पुन्हा शून्यावर येऊ लागलं आणि शेवटी उरले २५० म्हणजे फक्त शेवटच्या पुस्तकाची किंमत. एकच ओळ, पण आत आहे की बाहेर यावर सगळा हिशेब ठरतो. पायथनमध्ये ही आत-बाहेरची खूण कंसानं करत नाहीत, ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेनं करतात. उत्तर छापायची ओळ आत सरकवली तर १२०, २००, ४५० असे तिन्ही आकडे छापले जातात, बाहेर काढली तर फक्त ४५०. नवशिक्याला आधी कीबोर्डवर बसवतात, हे मला मुळातच चुकीचं वाटतं. यंत्र क्षणात उत्तर देतं आणि आतल्या फेऱ्या दिसतच नाहीत. त्या दिसल्या तरच लूप कळतो. उदाहरणंही शिकणाऱ्याच्या कामातली हवीत. एक्स आणि वायच्या जागी किंमत आणि दाखल क्रमांक आले की उत्तर बरोबर आलं की नाही, हे आपलं आपल्यालाच ओळखता येतं.

आमच्या कामाला यादीवरचा लूप पुरेना, १ पासून ओळीनं आकडे मोजणारा हवा होता. त्यासाठी रेंज असते. रेंजला १ आणि ११ सांगितलं तर ती १० वर थांबते. हे विचित्र वाटतं खरं, पण नोंदवह्यांचा विचार केला की पटतं. शेवटचा आकडा न धरता पहिली वही १ ते १००१, दुसरी १००१ ते २००१ असं लिहिलं की वजाबाकीनं थेट नोंदींची संख्या मिळते, आणि दोन वह्यांच्या सांध्यावर एकही आकडा दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहून हीच पद्धत का बरी, ते मांडलं होतं.

मला खरी काळजी होती देवनागरीची, कारण फाइलमधले सगळे आकडे आम्ही मराठीत भरले होते. पायथनला ‘१२३’ हा मजकूर देऊन त्याची संख्या कर म्हटलं की तो बिनतक्रार करतो. प्रोग्राममध्ये आपण लिहितो ते आकडे मात्र इंग्रजीच लागतात. व्हेरिएबलची, म्हणजे ‘एकूण’सारखी, नावं मराठीत चालतात. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. मी ‘कपाटात’ आणि ‘क्रमांक’ अशीच नावं ठेवली. तिनं गंमत म्हणून ‘किती’ या शब्दावर लूप फिरवून दाखवला. मला वाटलं दोन अक्षरं येतील. आले चार तुकडे: क, मग सुटी वेलांटी, त, मग दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या साठवतात, म्हणून. ‘क्ष’ तर क, हलंत आणि ष असा तिघांचा. शीर्षकांची अकारविल्हे यादी करायला घेतली तेव्हा ‘क्ष’ची पुस्तकं शेवटी न जाता ‘क’च्या कपाटात का जाऊन बसली, याचा उलगडा इथे झाला.

शेवटी प्रोग्राम मोजक्या ओळींचा झाला. क्रमांक रेंजमधून घे. ‘कपाटात’ या यादीत नसेल तर छाप. यादी आली ती लांबलचक, कारण वाचकांनी घरी नेलेली पुस्तकंही तिच्यात होती. म्हणून ‘वाचकांकडे’, ‘बाइंडिंगला’ आणि ‘बाद’ अशा आणखी तीन याद्या केल्या आणि अट वाढवली: या चारपैकी एकीतही नसेल तरच छाप. मग जे उरलं ते एका पानात मावलं. त्या पानावर काही क्रमांक सलग होते. नोंदवही उघडली तर ती एकाच बिलातली बालवाङ्मयाची पुस्तकं निघाली. सगळी शेजारच्या खोलीत, मुलांच्या मांडणीवर होती. तिथली मोजणीच राहिली होती. बाकीच्या क्रमांकांचा कपाटाकपाटातून शोध चालू आहे. आता मी विषयवार मोजणी शिकते आहे, त्यासाठी पायथनमधली डिक्शनरी लागते, म्हणजे प्रत्येक विषयापुढे त्याचा आकडा ठेवणारी यादी. तिचे रकानेही आधी कागदावरच आखले आहेत.