फिलाडेल्फियाकर

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे निदान केदारनाथ तरी गाठीला हवा. विलायत असेल तर उत्तमच. आमचा यंदाचा प्रवास मात्र डोंबिवली ते परळ एवढाच, आणि तोही धीम्या लोकलने. कारण जलद गाडी परळला थांबत नाही.

चारसहा महिने मी लवकर थकू लागलो होतो. दोन घास खाल्ले की पोट भरे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी वायूवर आणि मग वयावर बिल फाडले. पुढे कचेरीतल्या वार्षिक तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या गेल्या. चार ते अकरा हजार असाव्यात, त्या निघाल्या एक लाख बेचाळीस हजार! डाव्या बरगडीखालची प्लीहा सुजून पोटात जागा अडवून बसली होती. कमरेच्या हाडातून मगज काढून झाला आणि निकालासाठी परळची तारीख मिळाली. सौभाग्यवती बरोबर यायला निघाली होती. मी म्हटले, "कशाला? नुसता कागद तर आणायचाय." भाजणी दळून आणायची होती म्हणून ती राहिली, असे तिने मला भासवले.

परळ हे मुंबईचे माहेरघर म्हणावे की दवाखाना, हा प्रश्नच आहे. एकेकाळी इथे गव्हर्नरसाहेब राहत. 1896 साली शहरात प्लेग आला आणि 1899 मध्ये त्याच बंगल्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. पुढे 1926 साली केईएम आले, 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा रुग्णालय उघडले. भोवती गिरण्यांचे भोंगे वाजत असत. 1982 च्या संपानंतर ते एकेक करून गप्प झाले, आणि आता त्या जागी मान दुखेपर्यंत उंच इमारती आहेत. दुखणी मात्र आपली जागा सोडून गेली नाहीत.

टाटाच्या रस्त्याला डॉक्टर अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. तिथला पदपथ म्हणजे एक लहानसा हिंदुस्थानच. कुठे बंगाली, कुठे भोजपुरी, कुठे आपली वऱ्हाडी. कुणी झाडाला दोरी बांधून धोतर वाळत घातलेले, कुणी स्टोव्हवर भात रटरटत ठेवलेला. क्ष-किरणांचे मोठे लिफाफे उशाला घेऊन माणसे दुपारची झोपतात. माझ्याजवळ एकच पातळ फाईल होती. तिचीसुद्धा मला लाज वाटली.

आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नाव पुकारले. आमच्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी आधी मला बसवले, पाणी दिले आणि मग सांगितले. "काका, हा रक्ताचा कॅन्सर आहे. पण हळू चालणारा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया." मी ऐकले ते पहिलेच वाक्य. दुसरे त्यांना तीन वेळा सांगावे लागले. शेवटी कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह आहे. म्हणजे गोळी आहे."

हे प्रकरण असे. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. माझ्या मगजातल्या कुठल्याशा एका पेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे परस्पर बदलून घेतले. त्या सांध्यावर एक नवेच जनुक तयार झाले, आणि ते पेशींना "वाढा, वाढा" असा एकसारखा हुकूम सोडीत बसले. बाविसावे त्यात आखूड झाले. ते आखूड गुणसूत्र 1960 साली नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला पाहिले, म्हणून त्याला त्या गावाचे नाव. आपल्याकडे नाही का, पूर्वज ज्या गावचे त्या गावाला 'कर' लावून मोकळे होतात! आमचे आडनावही असेच. ते गाव मी जन्मात पाहिलेले नाही. आता हे दुसरे. पारपत्रही न काढता मी फिलाडेल्फियाकर झालो.

तो हुकूम बंद पाडणारी गोळी, इमॅटिनिब, 2001 साली अमेरिकेत मान्य झाली. तोवर या रोगाचे लोक बहुधा काही वर्षांचेच सोबती असत. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या घरात जाई. इथल्या कंपन्यांची त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. मूळ कंपनी पेटंटसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1 एप्रिल 2013 रोजी हरली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मी ती बातमी ओलांडून क्रिकेटकडे वळलो असणार.

बाहेर आलो तो पाय चालेनात. पदपथाच्या कडेला बसलो. शेजारी मालद्याकडचा एक गृहस्थ सातआठ वर्षांच्या पोराला केळे भरवीत होता. पोराच्या डोक्यावर केस नव्हते. "आपका क्या निकला?" त्याने सहज विचारले, गावाकडे पाऊसपाणी विचारावे तसे.

"खून का. धीरे वाला," मी म्हणालो.

"हमारा जल्दी वाला है," तो म्हणाला. "दो-तीन साल दवा, फिर छुट्टी. आपकी दवा कब तक?"

मला उत्तर माहीत होते: बहुधा जन्मभर. मुलांतला हा धावरा आजार आता पुष्कळदा पुरता बरा होतो, तेव्हा तो म्हणत होता त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. त्याने मला अर्धे केळे पुढे केले. मी घेतले. पोर माझ्याकडे जरा रागाने पाहत होते. केळे त्याचे होते.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. तळणाचा वास जिन्यापर्यंत आला होता. सौभाग्यवती सोऱ्या हातात धरूनच बाहेर आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसली. मी सगळे सांगितले. नववे, बाविसावे, फिलाडेल्फिया, काही गाळले नाही. ती बराच वेळ सोऱ्याची मूठ नुसतीच फिरवीत राहिली.

"अहो," शेवटी ती म्हणाली, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

"जेवताना. मोठा पेलाभर पाण्याबरोबर."

"मग पान घेते," असे म्हणून ती उठली.