उन्हाची लाली, वाणाची लाली

घटपर्णी, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणारी वनस्पती, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा 'लाल द्या' म्हणतं. माझ्याकडे नेपेंथिस व्हेंट्राटा आहे, फिलिपिन्सच्या जातींपासून झालेला काटक संकर. शेडनेटच्या दाट सावलीत त्याचे घट पोपटी निघतात. त्याच वेलाचा फाटा कडेच्या उन्हात लावला, की पुढचे घट तांबूस येतात. कधी एकाच घटाची उन्हाकडची कूस लाल असते आणि भिंतीकडची हिरवी. म्हणजे गिऱ्हाईक मागतं ऊन, आणि पैसे मोजतं रोपाचे!

ही लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची. भर उन्हात ते पानाचा थोडाफार बचाव करतं. म्हणून रानातली वेल 'लाल आहे' एवढ्यावरून उपटणाऱ्यांचा मला राग येतो. मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव रानटी नेपेंथिस. 1972च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. उघड्या उतारावरची लाली कुंडीबरोबर घरी येईलच असं थोडंच आहे?

अर्थात सगळाच रंग उन्हाचा नसतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातली दुसरी घटपर्णी, सारासेनिया फ्लावा पाहा. तिच्या 'रुगेली' प्रकारात पिवळट नळीच्या गळ्याशी एकच मोठा किरमिजी डाग. 'ऑर्नाटा'त लाल शिरांचं जाळं. 'मॅक्सिमा' जवळजवळ निखळ हिरवी. 'कुप्रिया'चं झाकण तांब्याचं, पण हंगाम सरत जातो तसं तेही फिकटतं. मे महिन्यातला फोटो दाखवून ऑगस्टमध्ये भांडू नये. सारासेनिया पर्पुरियाचा 'हेटरोफिला' हा प्रकार तर कितीही उन्हात ठेवा, लाल होतच नाही.

वाण ओळखायचा तर फाटे शेजारी शेजारी, एकाच मिश्रणात, एकाच उन्हात लावावेत आणि नवे घट येईपर्यंत गप्प बसावं. जुन्या घटावरून निकाल देऊ नये. तो मागच्या जागेचा रंग सांगतो. नवा घटही झाकण उघडल्यावर काही दिवस रंग भरत राहतो. तेवढा धीर फोटो काढणाऱ्यांकडे नसतो.

हा रंग किड्यांसाठी असतो म्हणावं, तर तिथेही एकमत नाही. लाल घटांत जास्त किडे सापडल्याचे प्रयोग आहेत. पण बेनेट आणि एलिसन या संशोधकांनी 2009मध्ये सारासेनियाचे नकली घट वापरून पाहिलं, तेव्हा मुंग्या साखरेला भुलल्या, रंगाला नाही. माझ्या पोपटी घटांच्या ओठांवरही मुंग्यांची रांग लागलेली असतेच.