कवडी

कवडी गावठी कोंबडी होती. काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, म्हणून हे नाव. डोक्यावर लहानसा तुरा, पाय राखाडी, आणि नवी वस्तू दिसली की आधी एका डोळ्याने आणि मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने तपासून घ्यायची सवय. शेजारच्या काकूंची कोंबडी खुडूक झाली होती आणि अंडी आमच्याकडे होती. वाट्यानं उबवायला दिली, पिल्लं निम्मी-निम्मी झाली, आणि आमच्या निम्म्यात कवडी आली. लोणारात धारेच्या झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेलगतच्या आमच्या परसात तिचं सगळं आयुष्य गेलं. गावठी कोंबडी आठ वर्षं जगते, यावर आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा सहसा विश्वास बसत नसे. तेवढं जगेपर्यंत तिला कुणी ठेवतच नाही, आणि ठेवलं तरी रोगाची साथ ठेवत नाही.

ती जगली ती आजीच्या हातामुळे. दिवस मावळला की आजी खुराड्याच्या तोंडाशी बसायची आणि आत शिरणारी प्रत्येक कोंबडी तिच्या हाताखालून जायची. गळ्याखालची थैली भरली आहे का, छातीचं हाड हाताला टोचतंय का, पंखाखाली काही वळवळतंय का, मागची पिसं लडबडलीत का, तुरा लाल आहे की फिका. मग कोंबडी कानाशी धरून श्वासाची घरघर ऐकायची. एवढं सगळं मुलाचं नाक पुसायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात व्हायचं. "अंगाले हात लावल्याबिगर कोंबडीचं दुखणं समजत नाही," असं ती म्हणे.

आता मला त्यातलं शास्त्र कळतं. कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी ढिली दिसेल तिला बाकीच्या टोचून मागे सारतात, आणि वर घार फिरत असते ती वेगळीच. म्हणून आजारी कोंबडीही 'आऽ आऽ आऽ' ऐकून धावत येते, दाणे टिपल्यासारखं करते आणि गिळत मात्र काहीच नाही. ती कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आदल्या संध्याकाळी रिकामी लागलेली थैली ही बातमी एक दिवस आधी देते. परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत तो एक दिवसच सगळं ठरवतो.

एकदा नेमकं उलटं झालं. संध्याकाळी भरलेली थैली सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी. कवडीची सकाळीही दगडासारखी घट्ट होती. सोयाबीनच्या पोत्याची सुतळी आणि अंगणात उडालेला कापूस तिने गिळला होता. आजीने तिला दाणा बंद केला, थोडं गोडं तेल चोचीत सोडलं आणि बोटांनी थैली हळूहळू चोळत राहिली. कोंबडीला उलटी धरून ओकवायला जायचं नाही, घास श्वासनळीत जाऊन ती हातातच मरते, हे तिने आम्हाला दटावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गोळा सैल झाला. तेव्हापासून आमच्या घरी सुतळीचा तुकडा जमिनीवर राहत नाही.

एका उन्हाळ्यात कवडी खुराड्यात शिरेना. अंधार पडला की कडुनिंबावर चढून बसायची. हाकललं की आत जायची, पुन्हा बाहेर. घरातल्यांना तो हट्ट वाटला. आजीने मात्र रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फळ्यांच्या फटी पाहिल्या. आत चपट्या, राखाडी गोचिडांची रांग होती. कोंबड्यांची ही गोचीड दिवसा फटीत दडते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते, आणि अन्नावाचून महिनोन्‌महिने तग धरते. म्हणून कोंबडीच्या अंगावर शोधून ती सापडत नाही. फळ्या बाहेर काढून त्यांवर उकळतं पाणी ओतलं, फटी चुन्याने लिंपल्या, परसातल्या खड्ड्यात कोरडी माती आणि चुलीची राख घातली. कोंबड्यांनी त्या धुळीत लोळणं हीच त्यांची अंघोळ. तीन-चार दिवसांनी कवडी न हाकलता आत गेली. जनावर घर सोडतं तेव्हा आधी घर तपासावं, हे मी त्या फळ्यांपाशी शिकलो.

देवीही तिला झाली. पावसाळ्यानंतर डास वाढतात आणि त्यांच्यासोबत ही साथ येते. तुऱ्यावर, गालावर, पापण्यांवर काळपट खपल्या धरतात. कवडीचे दोन्ही डोळे मिटले. न दिसणारी कोंबडी खात नाही, आणि देवीपेक्षा उपासमारीनेच जास्त मरतात. आजी तिला मांडीवर घेऊन भाकरीचा भिजवलेला कुस्करा चोचीत घालायची, चोच वाटीत बुडवून पाणी पाजायची, खपल्यांवर हळद आणि कडुनिंबाचा पाला वाटून लावायची. खपल्या ओरबाडायच्या नाहीत, आपोआप गळू द्यायच्या. तीनेक आठवड्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्या दिवसांनंतर कवडी आजीच्या पदराचा आवाज ओळखायला लागली.

पण परसातल्या कोंबड्यांचा खरा काळ म्हणजे मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या नावाच्या गावी 1920च्या दशकात हा रोग आपल्याकडे प्रथम नोंदला गेला. कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, हिरवट पातळ हगते, एक पाय नाहीतर पंख लुळा पडतो, मान पिळवटून पाठीकडे वळते. लस न दिलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदही जातात. हा विषाणूचा रोग आहे, त्यामुळे दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा त्यावर उपयोग नाही. कवडी दोन वर्षांची असताना आमच्या गल्लीत ही साथ आली. उन्हाळा सरत होता, पाऊस पडला नव्हता. दोन घरांची खुराडी आठवड्यात रिकामी झाली. तिथल्या बायांनी उरलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावाला विकल्या आणि ती साथ टोपल्यांतून पुढच्या गावी गेली.

आमच्या कोंबड्या वाचल्या, कारण आधीच्या हिवाळ्यात त्यांना लसीची सुई दिलेली होती. तिचीही एक अडचण आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मोठ्या कोंबड्यांना जी आर-टू-बी लस देतात, तिची कुपी शंभर किंवा दोनशे पक्ष्यांसाठी असते. कुपी थंडीत ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. घरी कोंबड्या आठ. आठ कोंबड्यांसाठी शंभराची कुपी कोण फोडणार? म्हणून गावोगावी लस असूनही कोंबड्या मरतात. आजीने हे गणित तिच्या पद्धतीने सोडवलं. ती घरोघर जाऊन कोंबड्या मोजून आली. "सुईनं कोंबडी मरते व माय," असं दोघी-तिघी म्हणाल्या, कारण आधीच आजारी असलेल्या कोंबडीला कधीतरी सुई दिली गेली होती आणि ती मेली होती. आजीने त्यांच्या कोंबड्या हाताळून, ज्या धडधाकट होत्या त्याच यादीत धरल्या. आठवडाभर आधी सगळ्यांना जंताचं औषध दिलं गेलं. ठरल्या दिवशी पहाटे, खुराडी उघडण्याआधी, पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर बर्फाच्या डब्यात कुपी घेऊन आले. गल्लीतल्या बाया डालगी घेऊन ओट्यापाशी जमल्या. आठ आठवड्यांच्या पुढच्या प्रत्येक कोंबडीला पंखाखाली अर्धा मिली. लहान पिल्लांना वेगळी, लासोटा, डोळ्यात एक थेंब. ती पहिल्या आठवड्यातच द्यायची असते. कवडी सुईनंतर दोन दिवस मलूल होती, अंडं दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उकिरडा उकरायला लागली.

लसीचा खर्च कोंबडीमागे एका अंड्याच्या किमतीतही बसतो. अंड्यांचा पैसा आमच्याकडे बायांच्या हातात राहतो. त्यातून वह्या येतात, बसभाडं निघतं, आजारपणातली पहिली गोळी येते. बैलाला डॉक्टर बोलावतात, कोंबडीला कोण बोलावतो, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

लोणारात मानमोडीच्या साथीला आणखी एक बाजू आहे. आमच्या परसापुढे थोड्याच अंतरावर जमीन संपते आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो वाटोळा खळगा सुरू होतो. खाली खारट सरोवर, भोवती दाट झाडी. ते अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर 2020मध्ये त्याची रामसर यादीत नोंद झाली. झाडीत मोर आहेत. मोर कोंबडीच्याच कुळातला. मानमोडी त्यालाही होते. साथीत मेलेली कोंबडी कड्यावरून खाली भिरकावणं ही जुनी, सोयीची रीत होती. आजीने गल्लीत ती बंद करवली. हातभर खोल खड्डा, खाली-वर चुना, वर दगड, म्हणजे कुत्रं किंवा मुंगूस उकरणार नाही. जानेवारी 2021मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आढळला तेव्हा आम्ही कोंबड्या काही दिवस जाळीखाली ठेवल्या आणि पाण्याची भांडी झाकली, कारण सरोवरावर हिवाळ्यात बाहेरून पक्षी उतरतात. 2006मध्ये याच बर्ड फ्लूने नवापूरला काय झालं होतं ते जुन्या लोकांच्या ध्यानात होतं. आमच्याकडे काही झालं नाही.

त्याआधी, जून 2020मध्ये, सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. त्या दिवसांत कवडी पातळ कवचाची अंडी द्यायला लागली, बोट लावलं की चेपणारी, आणि कुणीतरी दोन्हींची सांगड घातली. पाण्याचा रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासून सांगितलं. कवचाचं कारण ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते. धापांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवच ज्या कार्बोनेटचं बनतं तेच कमी पडतं. दाणा पहाटे आणि सांजेला, दुपारी फक्त गार पाणी, खुराड्यावर ओलं गोणपाट, आणि भाजून कुटलेली अंड्याची टरफलं दाण्यात. पहिला पाऊस झाल्यावर अंडी टणक झाली.

सातव्या वर्षी तिने अंडी देणं जवळजवळ थांबवलं, पण खुडूक होणं थांबवलं नाही. मग दुसऱ्या कोंबड्यांची अंडी तिच्याखाली ठेवली जायची. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच उठायची, दाणा-पाणी उरकून परत. बसलेली कोंबडी धुळीत लोळत नाही आणि उवा तिच्यावर चढतात, म्हणून पाटीत अंड्यांखाली राख आणि कडुनिंबाचा पाला. पिल्लं निघाली की घार दिसताच तिचा तो एकच लांब सूर, आणि सगळी तिच्या पंखाखाली. पावसाळ्यात त्या पिल्लांना रक्ती हगवण लागू नये म्हणून खालचं गोणपाट रोज बदलणं हे आम्हा मुलांचं काम होतं.

शेवटच्या हिवाळ्यात तिचं पोट फुगलं. चालताना पाय फाकायचे. डॉक्टर म्हणाले, बलक अंडनळीत न जाता पोटात सुटतोय, या वयात इलाज नाही. त्यांनी सुईने पाणी काढून दिलं तेव्हा काही दिवस तिला चालता आलं. आजी रोज संध्याकाळी तिची थैली पाहायची. ती रिकामी लागायला लागल्यावर तिने कवडीला खुराड्यातून काढून स्वयंपाकघरात चुलीजवळच्या डालग्याखाली ठेवलं, म्हणजे बाकीच्या टोचणार नाहीत. तिथेच ती गेली. तिलाही खड्डा, चुना आणि दगड.

आजीला आता गुडघ्यांमुळे खुराड्यापाशी बसता येत नाही. गल्लीची यादी माझ्या वहिनीकडे आली आहे. तिच्यात आता आणखी काही घरं वाढलीत, शेजारच्या वस्तीतलीही. उन्हाळ्याआधीची सुई माघात ठरली आहे, आणि बर्फ आणायची पाळी आमची आहे.